खांद्याचे तीन गुण

“दुखतंय का?” मी विचारलं.

“व्हय, दुखतंय की,” ती म्हणाली.

मी कागदावरून मान वर केली. सकाळपासून बावीस मुली माझ्यासमोरून गेल्या होत्या आणि बावीसच्या बावीस जणींनी “नाही मॅडम” म्हटलं होतं. काहींनी तर माझा प्रश्न पुरा व्हायच्या आतच. ही तेविसावी. डाव्या हाताचा पंजा उजव्या खांद्यावर ठेवलेला, कोपर कपाळाच्या दिशेनं उचललेलं, आणि चेहऱ्यावर कसलाही संकोच नाही.

“कुठं दुखतंय?”

“हितं, डाव्या खांद्यात. आत. खांब धरून सूर मारला की कळ येती, ती पार कोपरापत्तुर.”

“कधीपासून?”

“गणपतीपास्नं.”

“कुणाला सांगितलंस?”

“तुमालाच,” ती म्हणाली. “तुमी सकाळी म्हनाला न्हवं का, काय लपवू नका म्हनून.”

म्हणाले होते. चांगलं पाच मिनिटांचं भाषण ठोकलं होतं मी. ही परीक्षा नाही, इथं कुणी पास-नापास होणार नाही, तुमचं शरीर कुठं अडतंय ते मला बघायचंय, म्हणजे पुढचे व्यायाम तसे देता येतील, वगैरे. पंचवीस मुलींनी माना डोलावल्या होत्या. विश्वास एकटीनंच ठेवला.

तिचं नाव वनिता कोळपे. माण तालुक्यातली, एकोणीस वर्षांची, काटक. मी सत्तावीस वर्षांची फिजिओथेरपिस्ट, कराडात नुकतंच क्लिनिक काढलेलं. आपल्याला खूप कळतं, याची मला तेव्हा पक्की खात्री होती. राज्य संघ निवडायचं महिनाभराचं खो-खो शिबिर चालू होतं; पंचवीसमधून बारा मुली राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या. मीच संघटनेच्या मागे लागून तिथं शिरले होते. आपल्याकडे खेळाडू मोडल्यावर डॉक्टरकडे नेतात, मोडायच्या आधी कुणी बघत नाही, असं मी दिसेल त्याला ऐकवत असे. शेवटी संघटनेचे कार्यवाह नाईकनवरे सर म्हणाले, “या बाई, काय मोजायचं ते मोजा. नवीन काहीतरी केलं असं वर लिहिता येईल.”

चाचणी साधी होती. काठी डोक्यावर धरून उकिडवं बसायचं, दोरीवरून पाय टाकायचा, फळीवर पुढं-मागं पाय ठेवून वाकायचं, अशा सात हालचाली. प्रत्येक हालचालीला तीन गुण, एकूण एकवीस. खांद्यासाठी एक मूठ वरून आणि एक खालून पाठीवर न्यायची आणि दोन मुठींत किती अंतर राहतं ते मोजायचं. त्यानंतर कोपर उचलून बघायचं आणि विचारायचं, दुखतंय का. दुखत असेल तर त्या हालचालीचे गुण शून्य. मग मुठी पाठीमागं एकमेकींना चिकटलेल्या असल्या तरी शून्यच. ते शून्य नापासाचं नसतं. त्याचा अर्थ एवढाच, की इथं थांबा, आधी हे नीट करा, मग पुढचं बोलू.

वनिताच्या मुठी सुंदर जुळल्या होत्या. तीनपैकी तीन. ते मी खोडलं आणि शून्य लिहिलं. सोळाचे तेरा झाले.

“कुठल्या हातानं खांब धरतेस?” मी विचारलं.

“डाव्या.”

“नेहमीच?”

“आमच्याकडं येकच खांब हाय मॅडम. खरात गुरुजींनी पुरलेला. दुसऱ्या बाजूला वगळ हाय, खोल घळ, तिकडं सूर मारला तर खालीच.” ती हसली. “मंग येकाच अंगानं शिकले.”

खो-खोत धावणारी मुलगी खांबाला वळसा घालून निसटायला बघते. तेव्हा पाठलाग करणारी एका हातानं खांब धरते, सगळं अंग आडवं हवेत झोकून देते आणि दुसऱ्या हातानं तिला शिवते. ज्या हातानं खांब धरला, त्या खांद्यावर सगळा भार. वनिता शाळेपासून दिवसाला पन्नास-साठ सूर मारत आलेली, सगळे डाव्या खांद्यावर. त्या खांद्यानं तक्रार केली यात नवल नव्हतं. इतकी वर्षं गप्प कसा बसला, हेच नवल.

मी शेऱ्याच्या रकान्यात सविस्तर लिहिलं. सहा आठवडे सूर बंद; रबरी पट्ट्याचे व्यायाम; पाठीच्या फऱ्याचे (खांद्यामागच्या पसरट हाडाचे) स्नायू बळकट करणे; उजव्या हातानं खांब धरायला शिकवणे; खेळातून वगळण्याची गरज नाही. शेवटच्या वाक्याखाली रेघसुद्धा ओढली.

संध्याकाळी नाईकनवरे सरांनी यादी मागितली.

“बेरीज तेवढी द्या. ते शेरेबिरे कोण वाचत बसणार?”

“सर, शेरे महत्त्वाचे आहेत.”

“असू देत की. ते तुमच्याकडे ठेवा. आम्हाला आकडा द्या.”

आणि मी दिला. पंचवीस नावं, पंचवीस आकडे, खाली माझी सही. आज कुणी माझ्याकडे नुसता आकडा मागितला तर मी त्याला दाराबाहेर काढते, पण ही अक्कल मला त्या संध्याकाळी नव्हती. उलट आपलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडतंय म्हणून मी खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी फलकावर बारा नावं लागली. वनिताचं नाव त्यात नव्हतं. खाली टीप होती: हालचाल चाचणीत चौदापेक्षा कमी गुण असलेल्या खेळाडूचा विचार केलेला नाही.

चौदापेक्षा कमी गुण पंचवीसमध्ये एकीलाच होते.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तरातरा कार्यालयात शिरले. सर भेळ खात होते.

“चौदाची अट कुणी घातली?”

“निवड समितीनं. बसा ना.”

“मी कधी म्हटलं, चौदाच्या खाली काढून टाका म्हणून?”

“तुम्ही नाही म्हटलं. पण कुठंतरी रेघ मारावीच लागते की. चौदा म्हणजे एकवीसचे दोन तृतीयांश. बरोबर ना?”

“सर, खांबावर त्या पोरीइतकी चांगली तुमच्याकडे एक तरी आहे का?”

“नाही,” ते शांतपणे म्हणाले. “मलाही वाईट वाटलं. पण तुमचाच कागद आहे बाई. सायन्सपुढे आम्ही काय बोलणार?”

सायन्स! त्या बारातल्या एका मुलीचा घोटा एवढा सुजला होता, की तिला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. मी स्वतः सकाळी बघितलं होतं. आदल्या दिवशी चाचणीत विचारलं तेव्हा ती “नाही मॅडम” म्हणाली होती, आणि मी मुकाट्यानं गुण दिले होते. मला तेव्हा काय वाटलं सांगू? वाटलं, काय निरोगी संघ आहे हा!

“बाकीच्यांनी खोटं सांगितलंय, सर. एकटी खरं बोलली. खरं बोलली म्हणून तिचे तीन गुण गेले आणि गुण गेले म्हणून तुम्ही तिला काढलंत. कुठला न्याय हा?”

“मग घ्या की पुन्हा चाचणी.”

“म्हणजे?”

“उद्या अकरापर्यंत मला नावं पाठवायची आहेत. तोवर बदल होऊ शकतो. दुखत नाही म्हणाली तर तीन गुण वाढतात ना? सोळा. झालं.” त्यांनी भेळेचा कागद चुरगळला. “मलाही ती हवीच आहे हो. खांबावर दुसरं कोण आहे?”

“पण तिला दुखतंय. मी खोटं लिहू?”

“खोटं कोण म्हणतंय? तुम्ही विचारायचं, तिनं सांगायचं, तुम्ही लिहायचं. यात खोटं कुठं आलं?”

मी ताडकन उठून बाहेर आले. संताप अनावर झाला होता. पण पटांगण ओलांडून मुलींच्या वसतिगृहाकडे जाता जाता तो संताप कसा कोण जाणे निवळत गेला आणि त्याच्या जागी हिशेबीपणा आला. एका शब्दाचा तर प्रश्न आहे. तिचं नाव लागेल, मग मी तिचा खांदा नीट करीन. संघासोबत मीच असणार आहे. सहा नाही तर निदान दोन आठवडे सूर बंद करीन, पट्ट्याचे व्यायाम घेईन. वाईट काय होणार आहे?

वनिता पिशवी भरत होती. रडत नव्हती. मला बघून उभी राहिली.

“मॅडम, मी काय चुकीचं सांगितलं व्हतं का?”

“नाही ग.”

“मंग?”

ती खाटेवर बसली.

“गुरुजींनी सांगितलेलं, येकदा राष्ट्रीयचं प्रमाणपत्र हातात आलं की पोलीस भरतीत खेळाडूंची जागा हाय. धावण्यात मी कुनाला ऐकत न्हाई, ते सोडा. दादा म्हनला, ह्या शिबिरापत्तुर थांबतो, न्हाई झालं तर स्थळं बघायची.” तिनं पिशवीची नाडी ओढली. “तुमी लपवू नका म्हनाला. मी न्हाई लपवलं. त्या तेजलचा घोटा बघा जावा. ती गेली संघात.”

“उद्या सकाळी मी तुझी चाचणी पुन्हा घेणार आहे,” मी म्हटलं.

“पुन्हा घेऊन काय व्हनार? खांदा त्योच हाय.”

“खांदा तोच आहे. उत्तर बदलायचं.”

आणि मग मी तिला शिकवलं. हो, शिकवलं. कोपर वर नेताना श्वास आत घेऊ नकोस, सोड, म्हणजे चेहरा आवळत नाही. नजर समोरच्या भिंतीवर ठेव. मी विचारलं की लगेच उत्तर देऊ नकोस, एक क्षण थांब, म्हणजे विचार करून सांगितल्यासारखं वाटेल. त्या खाटेवर बसून मी तिच्याकडून हे चार वेळा करून घेतलं. चौथ्या वेळी तिचा चेहरा अगदी कोरा राहिला.

“जमलं,” मी म्हटलं.

“दुखतंय पर,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

सकाळी नाईकनवरे सर स्वतः साक्षीला बसले. वनितानं कोपर उचललं, श्वास सोडला, एक क्षण थांबली आणि म्हणाली, “नाही मॅडम.” अगदी बाकीच्या मुलींसारखं, शुद्ध. मी नव्या कागदावर तीन लिहिले आणि सही केली. अकराच्या आत फलकावरचं एक नाव खोडून तिचं नाव लागलं.

खरी गंमत पुढंच झाली. गंमत म्हणतेय ती रागानं.

सरावाच्या पहिल्याच दिवशी मी संघाच्या प्रशिक्षकांना म्हटलं, वनिताला दोन आठवडे सूर मारायला लावू नका. त्यांनी फाइल उघडली आणि माझाच कागद माझ्यासमोर धरला. “खांदा, तीनपैकी तीन. दुखणं नाही. मॅडम, परवाच सही केलीय तुम्ही. मग सूर का बंद?”

काय सांगणार? मी म्हटलं, काळजी म्हणून. ते म्हणाले, काळजी आम्हालाही आहे, पण खांबावर ती एकटीच आहे, तिचाच सराव बंद केला तर खेळायचं कसं? आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांच्यापुढे जो कागद होता त्याप्रमाणे ते शंभर टक्के बरोबर होते. ज्या एका शब्दानं मी तिला संघात घुसवलं, त्याच शब्दानं माझे हात बांधून टाकले. मग मी रोज संध्याकाळी तिच्याकडून चोरून पट्ट्याचे व्यायाम करून घ्यायची आणि रोज सकाळी ती चाळीस सूर मारायची. एवढ्याशा व्यायामानं ते काय भरून निघणार?

“कसं आहे?” मी विचारायची.

“बरंय,” ती म्हणायची. कोरा चेहरा. मीच शिकवलेला.

राष्ट्रीय स्पर्धेतला उपांत्य सामना होता तो. दुसऱ्या डावात तिनं खांबावर दोन मुली टिपल्या. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. तिसरी मुलगी खांबाच्या पलीकडून निसटत होती. वनितानं डाव्या हातानं खांब धरला, अंग झोकलं, तिला शिवली, आणि जमिनीवर पडली ती उठलीच नाही. मी धावत गेले. खांद्याची गोलाई नाहीशी झाली होती आणि हात भलत्याच ठिकाणी लोंबत होता. पंचांनी ती मुलगी बाद दिली. तो सामना आपण जिंकलो.

रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांनी खांदा जागेवर बसवला, स्कॅन काढला, मग वनिताच्या खाटेशी येऊन उभे राहिले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नाईकनवरे सर.

“आतला पडदा चांगलाच फाटलाय,” डॉक्टर म्हणाले. “एका पडण्यात इतकं होत नाही. आधीपासून दुखत होता का खांदा?”

वनितानं माझ्याकडे बघितलं. श्वास सोडला. एक क्षण थांबली.

“नाही,” ती म्हणाली.

मला ते सहन झालं नाही. माझी मान वाचवायला ती पोर खाटेवर पडल्या पडल्या मी शिकवलेलं म्हणून दाखवत होती.

“दुखत होता,” मी मोठ्यानं म्हटलं. “दोन-अडीच महिन्यांपासून दुखत होता, डॉक्टर. पहिल्या चाचणीत तिनं सांगितलं होतं. लिहून घ्या.”

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि निघून गेले. मला एकदम हलकं वाटलं. वाटलं, बोलले बाई एकदाची, आता होईल ते होईल.

नाईकनवरे सरांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. त्यांचा आवाज फार मऊ झाला होता.

“दुखत होता म्हणता. मग दुसऱ्या कागदावर ‘नाही’ कसं?”

“तुम्हाला माहीत आहे कसं.”

“मला? मी तर खुर्चीवर बसून ऐकत होतो बाई. तुम्ही विचारलं, तिनं ‘नाही’ सांगितलं. की तुम्हाला तेव्हाच माहीत होतं? माहीत असून सही केलीत? तसं असेल तर विषय वेगळा. तुमच्या नोंदणीचा वगैरे प्रश्न येतो.”

दार उघडं होतं. आत वनिताला सगळं ऐकू येत होतं.

“तिनं ‘नाही’ म्हटलं,” मी म्हणाले, “म्हणून मी ‘नाही’ लिहिलं.”

“मग पोरीनं लपवलं म्हणायचं.”

मी मूग गिळून उभी राहिले. नवीन क्लिनिक होतं माझं. पाटीवरचा रंगसुद्धा धड वाळला नव्हता. मी आत गेले तेव्हा वनितानं तोंड भिंतीकडे केलं होतं. मी तिच्या पायाला हात लावला. तिनं पाय ओढून घेतला.

पंधरा दिवसांनी खरात गुरुजींचा फोन आला. प्राथमिक शिक्षक, आवाजात कायम अदब. त्या दिवशी नव्हती.

“मॅडम, पोरीला पत्र आलंय. तुम्ही येऊन वाचा. फोनवर वाचून दाखवायची माझी तयारी नाही.”

गेले. माळावरचं घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. वनिता डावा हात गळ्यात अडकवून उंबऱ्यावर बसली होती. तिच्या आईनं मला पाणी दिलं आणि आत गेली. गुरुजी बाहेर बाभळीखाली उभे राहिले, जवळ आले नाहीत.

पत्र टंकलिखित होतं. ‘पूर्वीची दुखापत हेतुपुरस्सर लपवून संघाची दिशाभूल केल्याबद्दल’ दोन वर्षांची बंदी. प्रमाणपत्र चौकशी होईपर्यंत रोखण्यात येत आहे. आणि खाली, ‘सदर बाब संघाच्या फिजिओथेरपिस्ट यांनी स्वतः निदर्शनास आणून दिली.’

मी ते वाचलं आणि माझा असा भडका उडाला, की मी तिथल्या तिथं नाईकनवरेंना वाटेल ते बोलायला लागले. नालायक म्हटलं, साळसूद म्हटलं, त्यांच्या सगळ्या संघटनेचा उद्धार केला. वनिता ऐकत होती. माझा दम संपू दिला तिनं.

“त्यास्नी कशाला शिव्या देता?” मग ती म्हणाली. “त्यांनी कुठं मला काय सांगितलं व्हतं? त्यांच्यावर मी कदी इस्वासच ठेवला न्हाई.”

“वनिता…”

“तुमचं खरं दर खेपंला माझ्याच अंगावर येतंय, मॅडम. पयल्यांदा तुमी म्हनाला खरं बोल, मी बोलले, माझं नाव गेलं. मंग तुमीच म्हनाला खोटं बोल, बोलले, खांदा गेला. आन् दवाखान्यात तुमाला पुन्हा खऱ्याचा उमाळा आला. मी ‘नाही’ म्हनले व्हते तितं. माझं मी निस्तरलं असतं. तुमी बोलला ते बोलला, ते बी अर्धंच.”

“अर्धं?”

“दुखत व्हतं, हे सांगितलं. ‘न्हाई’ म्हनायला कुनी लावलं, हे कुठं सांगितलं? मी ऐकत व्हते की.” तिचा आवाज चढला. “भाईर जाऊन तिनंच ‘नाही’ म्हटलं म्हनाला तुमी. त्या खाटंवर बसून चार येळा करून घेतलं माझ्याकडनं! श्वास सोड म्हनाला, भिंतीकडं बघ म्हनाला! ते कुनी केलं? म्या माझ्या मनानं?”

मला वाटत होतं, तिनं मारावं. ते सोपं गेलं असतं.

“मी काय करू?” मी विचारलं.

“मला इचारू नका. तुमी माझ्यापरास शिकलेल्या हायसा.”

बाभळीखालून गुरुजी आले. त्यांच्या खिशात पेन होतं, पिशवीत शाळेची वही. त्यांनी दोन्ही माझ्यापुढे ठेवलं. हे त्यांनी आधीच ठरवलं होतं की तिथं सुचलं, हे मी कधी विचारलं नाही.

त्या वहीत मी लिहिलेल्या कबुलीच्या कागदाचं पुढं काय झालं, ते आताच सांगून टाकते. मी तो संघटनेला, क्रीडा कार्यालयाला आणि माझ्या नोंदणी परिषदेला पाठवला. मला सहा महिने काम बंद ठेवावं लागलं आणि राज्यातल्या कुठल्याही संघाबरोबर मला पुन्हा कुणी बोलावलं नाही. नाईकनवरे सर आपल्या जागी सुखरूप राहिले. पुढं त्यांचा सत्कारही झाला. हे लिहिताना आजही माझे दात आवळले जातात. वनितावरची बंदी उठली आणि प्रमाणपत्र सात महिन्यांनी तिच्या हातात पडलं. खांद्यामुळे ती पुन्हा सूर मारू शकली नाही, पण धावण्यात खरंच तिनं कुणाला ऐकलं नाही. ती आज पोलिसात आहे. मला कधी फोन करत नाही, आणि तो तिचा हक्क आहे.

पण त्या दुपारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी अंगणात मांडी घालून बसले आणि लिहायला लागले. तारीख घातली, चाचणीची माहिती लिहिली, पहिल्या वेळी तिनं दुखतंय असं स्पष्ट सांगितलं होतं ते लिहिलं. मग पेन अडखळलं. दोनदा सुरुवात करून मी एक वाक्य जुळवलं आणि वही तिच्यापुढं सरकवली.

तिनं ती उजव्या हातानं मांडीवर ओढली. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मी लिहिलं होतं: ‘दुखत नाही असे उत्तर देण्याबाबत मी खेळाडूस सुचवले.’

तिचं बोट शेवटच्या शब्दावर थांबलं.

“सुचवलं न्हाई, मॅडम,” ती म्हणाली. “शिकवलं. तसं लिवा.”

मी तो शब्द खोडला आणि तसं लिहिलं.